आईचा टाका आणि आलेक्सी कारेल

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईने आपले एक मूत्रपिंड माझ्या थोरल्या भावाला दिले. आई चौथीपर्यंत शिकलेली. लोकांची पोलकी शिवते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिने मला एकच विचारले, की आतल्या नसा शिवतात तरी कशा? मला सांगता आले नाही. पुढे कॉलेजात आल्यावर त्याचे उत्तर मला आलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदाच्या चरित्रात सापडले.

कारेल यांचा जन्म १८७३ चा, रेशमाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ल्यों शहराजवळचा. वडील लहानपणीच वारले. १८९४ साली त्याच शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. पोटातील मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि ती जोडण्याची विद्या तेव्हा डॉक्टरांना अवगत नव्हती. कार्नो गेले. तरुण कारेल यांच्या मनाला ही गोष्ट लागली. ते मादाम लरुदिए नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे टाके शिकू लागले. वाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताण दिला की त्रिकोण होतो आणि कडा सरळ शिवता येतात. ही त्यांची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली.

नंतर अमेरिकेत त्यांनी कुत्र्यांवर मूत्रपिंडरोपणाचे प्रयोग केले. प्राण्याचे स्वतःचे मूत्रपिंड परत बसवले तर टिके. दुसऱ्याचे मात्र निकामी होई. टाका पक्का होता, पण शरीर परके ओळखत होते. माझा भाऊ आज रोज गोळ्या घेतो त्या याचसाठी. १९१२ साली कारेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण चरित्र येथे संपत नाही. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सबळांचीच वंशवाढ व्हावी असे मांडले, गुन्हेगार वेड्यांना विषारी वायूने संपवण्याची भाषा केली. ते वाचून मी पुस्तक मिटले. आजाराने खंगलेला माझा भाऊ त्यांच्या हिशोबात कुठे बसला असता?

कारेल १९४४ मध्ये वारले. दहा वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बोस्टनमध्ये एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले गेले आणि ते चालले. ज्यांनी दुबळ्यांना मोजले नाही, त्यांच्याच विद्येने दुबळे जगू लागले.

हे सारे मी आईला सांगितले. ती पोलक्याला काज करीत होती. त्या भरतकामवाल्या बाईला बक्षिसातले काही मिळाले का, असे तिने विचारले.

बक्षीस एकट्या कारेल यांना मिळाले होते.