विल्यम फ्लीटवूड : पाच पाउंडांचा हिशेब करणारे बिशप

दर महिन्याला महागाईचा जो दर जाहीर होतो, तो ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढलेला असतो. नेहमी लागणाऱ्या वस्तूंची एक टोपली ठरवायची आणि तीच टोपली भरायला पूर्वी किती पैसे लागत, आता किती लागतात ते पाहायचे, ही त्यामागची कल्पना. ती अगदी आरंभी मांडणाऱ्यांपैकी एक होते इंग्लंडमधील धर्मगुरू विल्यम फ्लीटवूड.

त्यांचा जन्म 1656 चा, टॉवर ऑफ लंडनमधला. शिक्षण ईटन आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले. लंडनमध्ये प्रवचनकार म्हणून नाव झाल्यावर 1705 मध्ये तिथली पदे सोडून ते वेक्सहॅम या खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये गेले. जुनी कागदपत्रे चाळायचा नाद होताच, इथे सवडही मिळाली.

1707 मध्ये त्यांनी ‘क्रॉनिकॉन प्रेशिओसम’ हे पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. विषय होता विद्यापीठातल्या एका तरुणाची अडचण. पंधराव्या शतकात स्थापन झालेल्या त्याच्या कॉलेजचा नियम असा, की वर्षाला 5 पाउंडांहून अधिक खासगी उत्पन्न असणाऱ्याने फेलोची जागा सोडावी. तशी शपथच घ्यावी लागे. अडीचशे वर्षांत पैशाची किंमत पार घसरली होती. मग 5 पाउंड शब्दशः धरायचे का? धरले तर जागा जाणार, न धरावे तर खोट्या शपथेचे पाप!

फ्लीटवूड यांनी जुने हिशेब धुंडाळले. त्या काळी एक क्वार्टर (धान्याचे माप) गव्हाला 6 शिलिंग 8 पेन्स, म्हणजे पाउंडाचा तिसरा हिस्सा पडे. त्यांच्या काळात 40 शिलिंग, म्हणजे 2 पाउंड. तेव्हा 5 पाउंडांत 15 क्वार्टर गहू येई. तेवढ्याच गव्हाला आता 30 पाउंड हवेत. मांस, पेय आणि कापड यांचाही हिशेब मांडून त्यांनी निष्कर्ष काढला, की जुने 5 पाउंड म्हणजे आताचे 28 ते 30. तेवढ्या उत्पन्नापर्यंत तरुणाने निर्धास्त शपथ घ्यावी.

मला यातली टोपलीची निवड महत्त्वाची वाटते. ती राजाची नव्हे, विद्यार्थ्याच्या गरजांची होती. भारतात औद्योगिक कामगार आणि शेतमजूर यांचे निर्देशांक वेगळे काढतात, त्यामागेही हाच विचार आहे. मात्र कोणत्या वस्तूवर किती खर्च होतो, त्यानुसार भार द्यायची पद्धत फ्लीटवूड यांच्याकडे नव्हती. आज बहुतेक ठिकाणी पायाभूत धरले जाणारे भारित सूत्र एतिएन लास्पेयर यांनी 1871 मध्ये मांडले.

1708 मध्ये फ्लीटवूड सेंट असाफचे बिशप झाले. 1712 मध्ये त्यांच्या एका प्रवचनसंग्रहाची प्रस्तावना संसदेच्या हुकमाने जाळण्यात आली. कारण राजकीय होते. दोनच वर्षांत राजा बदलला आणि ते ईलीचे बिशप झाले. 1723 मध्ये त्यांचे निधन झाले. ईलीच्या कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले.