अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

डहाणूहून निघालेला किनाऱ्यालगतचा रस्ता नरपड, चिखले, घोलवड ही गावे मागे टाकत बोर्डीला पोहोचतो. शहरातील माणसे येथे येतात ती समुद्र आणि चिकूच्या वाड्या पाहायला. मात्र देशातील लक्षावधी मुलांच्या बालपणाशी जोडला गेलेला 'अंगणवाडी' हा शब्द याच परिसरात रुजला, याची जाणीव फार थोड्यांना असते. तो रुजविणाऱ्या कल्पक शिक्षणतज्ज्ञ म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात ताराबाईंचा जन्म झाला. स्त्रियांचे पदवीधर होणे हेच नवल होते, त्या काळात १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि त्या प्रतिष्ठेच्या पदावरून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

एवढ्यावर थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिलेच असते. परंतु माँटेसरी पद्धतीचा लाभ केवळ शहरी मुलांना मिळतो, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच मुलांची साधने बनली. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी.

१९५७ मध्ये त्यांनी आपले कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वारली मुलांमध्ये नेले. कोणी गुरे राखी, तर कोणी धाकटे भावंड सांभाळी. शाळेसाठी सवड कुणालाच नव्हती. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, शाळेलाच वळण दिले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. लहानगे पाळणाघरात आले, म्हणून थोरली बहीण शाळेत बसू शकली.

१९६२ मध्ये पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, हे व्रत चालविले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज अंगणवाडी म्हटले की पोषण आहार आणि लसीकरणच प्रथम आठवते. तेही मोलाचे आहेच. परंतु ताराबाईंच्या अंगणात त्याबरोबर खेळ होता, गाणे होते आणि प्रत्येक मुलाच्या बुद्धीवर गाढ विश्वास होता. शाळेत न येणाऱ्या मुलाबद्दल तक्रार करण्यापूर्वी शाळा त्याच्या दारी गेली का, हा त्यांच्या कार्याने विचारलेला प्रश्न आजही शिळा झालेला नाही.