सुरतेचे प्राचार्य, देशाचे नियोजनकार : धनंजयराव गाडगीळ

यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ज्यांचे स्मरण करीत आहोत, त्यांचे नाव आपण ऐकलेले असेल. पण हे गृहस्थ पाच वर्षे सुरतकर होते, हे आपल्यातही थोड्यांनाच ठाऊक असेल. ते म्हणजे अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. भारतातील उद्योगांच्या वाटचालीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षे तो विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ नोकरी करून १९२५ साली ते सुरतेच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेव्हा वय होते अवघे चोवीस! १९३० पर्यंत त्यांनी ही धुरा सांभाळली.

त्यानंतर पुण्यात रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक गाडगीळ, आणि ते या पदावर १९६६ पर्यंत राहिले. नुसत्या पुस्तकांवर त्यांचा भरवसा नव्हता. कुटुंबात माणसे किती, कमावती किती, भाडे किती, कर्ज किती, हे घरोघर विचारून त्यांनी पुणे शहराची पाहणी करवली. वाई तालुक्यातल्या शेतीचाही असाच हिशेब मांडला.

त्यांच्या सर्व कामामागे एक प्रश्न होता : पैसा आणि कारखाने मोठ्या शहरांतच साठत गेले, तर बाकीच्या मुलखाने काय करायचे? विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या सुमारास त्याचे धुराडे पेटले. उसाचा नफा बाहेर न जाता गावातच राहिला. त्यातून शाळा आल्या, दवाखाने आले. पुढे महाराष्ट्रभर सहकारी साखर कारखाने निघाले.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तोवर केंद्राची मदत कोणत्या राज्याला किती द्यायची याचे पक्के माप नव्हते. १९६९ साली ‘गाडगीळ सूत्र’ आले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवायची. उरलेल्या रकमेतील ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटायचे. राहिलेल्या ४० टक्क्यांपैकी दहा-दहा टक्के कमी उत्पन्नाची राज्ये, कर गोळा करण्याचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांसाठी. गरीब राज्यांसाठी दहा टक्के अपुरे आहेत, अशी टीका झाली, आणि ती रास्तच होती. १९८० साली हा वाटा २० टक्के झाला. पण वाटपाला सर्वांना दिसणारा नियम असावा, ही गोष्ट तेव्हा रुजली.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हावार जबाबदारी घ्यावी असे सुचवले. त्यातूनच प्रत्येक जिल्ह्याला एक ‘अग्रणी बँक’ ही योजना आली. मे १९७१ मध्ये पद सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

बमरोली, पांडेसरा, उधना या भागांतल्या आपल्या अनेक घरांची मुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आहेत. ताप्ती रेल्वेने आपले वाडवडील सुरतेला आले ते हौसेने नव्हे. शेतीला पाणी नव्हते, गावात काम नव्हते, आणि इथे माग चालू होते. सुरतेने आपल्याला पोटाशी धरले, याचे ऋण आम्ही कधीच विसरणार नाही. पण गावी पोट भरत नाही म्हणून निघावे लागणे वेगळे आणि मर्जीने निघणे वेगळे. हा फरक मिटावा, यासाठीच गाडगिळांनी आयुष्य वेचले.

हाच प्रश्न शहराच्या आतही असतो. पाणी, शाळा, दवाखाना, बससेवा हे अठवा लाइन्सला जसे मिळते तसे मागांच्या वस्तीलाही मिळते का? गाडगीळ असते तर आधी घरोघर जाऊन मोजणी केली असती. मंडळाच्या तरुणांनी वर्गणीसाठी दारोदार फिरताना सोबत एक वही ठेवावी, आणि कुठल्या गल्लीत काय कमी आहे ते लिहून आणावे, एवढेच आमचे सुचवणे आहे. मागणीला आकड्यांचे बळ असले की ती टाळणे अवघड जाते.