साने गुरुजी
पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०) हे मराठीतील बालकुमार साहित्याचे लेखक, शिक्षक व स्वातंत्र्यसैनिक होते. 'श्यामची आई' या पुस्तकामुळे ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथील विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस खुले व्हावे, यासाठी त्यांनी १९४७ साली उपोषण केले.

बालपण व शिक्षण
गुरुजींचा जन्म कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. वडील सदाशिवराव हे खोत घराण्यातील होते. परंतु पुढे घरची स्थिती खालावली व कर्ज वाढले. गुरुजींचे शिक्षण दापोली, औंध व पुणे येथे मोठ्या हालअपेष्टांत झाले. शिक्षण चालू असतानाच, १९१७ साली, आई यशोदाबाई यांचे निधन झाले. तिच्या आठवणी हाच पुढे त्यांच्या लेखनाचा मुख्य झरा ठरला.

शिक्षक
१९२४ साली ते अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. त्यांच्या बालसाहित्यातील सोपी, बोलती भाषा या सहवासात घडली.

तुरुंगवास व लेखन
१९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ साली धुळे तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. 'श्यामची आई'चे लेखन फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात झाले. दिवसाचे काम उरकल्यावर मिळणाऱ्या वेळात, अवघ्या काही दिवसांत, त्यांनी त्यातील बहुतेक भाग लिहून काढला. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी या पुस्तकाची रचना असून त्यात ४२ रात्री आहेत. 'श्याम', 'धडपडणारी मुले', 'गोड गोष्टी', 'सुंदर पत्रे' व 'भारतीय संस्कृती' ही त्यांची अन्य पुस्तके होत.

पंढरपूरचे उपोषण
'श्यामची आई'तील एका प्रकरणात अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठविते. मात्र परतल्यावर स्नान करण्यासही सांगते. आईची दया आणि तिच्या काळाची रूढी, दोन्ही लेखकाने लपविलेली नाहीत. ती रूढी मोडण्याचे काम गुरुजींनी पुढे स्वतः अंगावर घेतले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासह त्यांनी अनेक महिने महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराज मठात उपोषण आरंभिले. सनातनी मंडळींचा विरोध तीव्र होता. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. ज्यांना शतकानुशतके संत चोखामेळ्याप्रमाणे महाद्वाराबाहेरूनच हात जोडावे लागत, त्यांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

अखेरची वर्षे
महात्मा गांधींच्या हत्येचा त्यांच्या मनावर खोल आघात झाला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतीयांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, या हेतूने त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. स्वातंत्र्यानंतरच्या परिस्थितीने ते व्यथित होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन संपविले.

वारसा
आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई'वर काढलेल्या चित्रपटास (१९५३) पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. 'साधना' साप्ताहिक आजही प्रसिद्ध होत असून 'श्यामची आई'च्या आवृत्त्या अद्याप निघत आहेत.