दुर्बळांचे कैवारी डॉ. जेरोम लेज्यून

विद्या तारक होते, तशीच ती मारकही होऊ शकते. ती कोणाच्या हाती पडते आणि कोणासाठी वापरली जाते, यावर सर्व अवलंबून असते. या सत्याची प्रचीती ज्यांना आपल्या आयुष्यात फार कष्टाने आली, त्या एका ख्रिस्ती वैद्यांचे चरित्र महोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जेरोम लेज्यून यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिसजवळील माँरूज या गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण संपवून १९५२ साली ते प्राध्यापक रेमाँ त्युर्पँ यांच्या हाताखाली कामास लागले. त्याच वर्षी बिर्थ या डॅनिश युवतीशी त्यांचा विवाह झाला व पुढे या दांपत्यास पाच अपत्ये झाली. रुग्णालयात त्यांच्यापुढे डाऊन सिंड्रोम असलेली बालके येत. त्या काळी या स्थितीचे कारण कोणास ठाऊक नव्हते. आईबापांच्या दुराचाराचे किंवा व्यसनाचे हे फळ असावे, असा संशय लोक घेत, आणि ते बिचारे लाजेने मान खाली घालून जगत.

हा कलंक १९५९ साली पुसला गेला. माणसाच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. या बालकांच्या पेशीत २१ व्या जोडीला एक जादा गुणसूत्र असून एकूण संख्या ४७ भरते, असे लेज्यून, मार्थ गोतिए व त्युर्पँ या तिघांनी प्रसिद्ध केले. पेशी वाढविण्याचे नाजूक काम गोतिएबाईंनी उभे केले होते. त्यांचा वाटा मात्र जगाने फार उशिरा ओळखला. लेज्यून यांची कीर्ती सर्वत्र पसरली. १९६२ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

परंतु त्यांच्या मनात आशा होती ती औषध शोधण्याची. घडले ते निराळेच. १९६६ पासून गर्भजलातील पेशींची गुणसूत्रे तपासणे साध्य झाले. उपचार हाती नव्हता. तेव्हा निदान होताच गर्भ पाडावा, म्हणजे मातापित्यांचे जन्माचे दुःख टळेल, असा विचार बळावला. असे म्हणणारे सर्वच निर्दय होते असे नव्हे. पुष्कळांना त्या कुटुंबांची खरोखर कणव होती. पण लेज्यून यांचे म्हणणे असे की, वैद्याने रोगाचा नाश करावा, रोग्याचा नव्हे. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मानाचे विल्यम ॲलन पारितोषिक स्वीकारताना त्यांनी भर सभेत हेच निर्भीडपणे सांगितले. परिणामी अनेक सहकारी दुरावले. १९७५ साली फ्रान्समध्ये गर्भपाताचा कायदा झाला, तेव्हाही ते विरोधकांच्या अग्रभागी होते. मानमरातब ओसरला, पण पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात आपल्या बालरुग्णांना तपासण्याचे त्यांचे व्रत अखंड चालले.

पोप दुसरे जॉन पॉल यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. १९९४ साली पोपमहोदयांनी नव्याने स्थापिलेल्या जीवनविषयक अकादमीचे पहिले अध्यक्षपद त्यांना दिले. तेव्हा ते कर्करोगाने जर्जर झाले होते. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांनी देह ठेविला. हवे ते औषध त्यांना अखेरपर्यंत सापडले नाही. १९९७ साली पोपमहोदयांनी त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली, आणि २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना वंदनीय म्हणून घोषित केले.

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. आपल्या देशातही १९७१ च्या कायद्याने गर्भातील गंभीर व्यंगाच्या कारणावरून गर्भपातास मुभा दिली; २०२१ च्या दुरुस्तीने, वैद्यकीय मंडळाने तसे निदान केल्यास, आठवड्यांची मर्यादाही उठविली. निदानाचा कागद हाती घेऊन बसलेली भगिनी उद्या आपल्याच वाड्यातील असू शकेल. तिला नुसता उपदेश करून आपण घरी निघून गेलो, तर लेज्यून यांचे चरित्र आपण वाचले असे होणार नाही. त्यांनी एका हाताने सत्य सांगितले व दुसऱ्या हाताने ते बालक उचलून घेतले. त्या बालकाचे शिक्षण, त्याची शुश्रूषा, आणि आईबापांच्या पश्चात त्याचा सांभाळ, हे ओझे सर्व धर्मग्रामाने वाटून घ्यावे. तसे झाले तरच, जीवन ही ईश्वराची देणगी होय, हे आपले बोलणे त्या मातेला खरे वाटेल.