कोलू पाटलांचं बजेट

नवेगाव बांधला तुम्ही एकदा तरी गेलाच असाल. शाळेची सहल, एनएसएसचा कॅम्प, नाहीतर डिसेंबरातला एखादा मोकळा रविवार. गाडी लावायची, पाळीवर चढायचं, मागे टेकड्या येतील असा सेल्फी घ्यायचा. नशीब चांगलं असेल तर बदकांचा थवा पाण्यावरून उठतो आणि रील बनते. मग कुणीतरी कॉमेंटमध्ये विचारतं, हे लेक कुठलं? आपण लिहितो, गोंदिया. विषय संपतो.

आज त्याच पाळीवर जरा जास्त वेळ थांबा. कारण तुमच्या पायाखालची ती माती आपोआप तिथे आलेली नाही. ती एका माणसाने विचार करून, जागा निवडून, गावाला सोबत घेऊन टाकून घेतली आहे. त्यांचं नाव कोलू पाटील कोहळी. काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे सुमारे ३०० वर्षांपूर्वीचा. आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे नाव पाठ असतं. आपल्याला ते स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये एका मार्कासाठी भेटतं.

तो काळ आधी डोळ्यांपुढे आणा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ मध्ये नागपूर वसवलं होतं, ते अजून बाळसं धरत होतं. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि दिल्लीचा वचक ढिला झाला. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात सगळीकडे दाट जंगल, मध्येच एखादं गाव. देशातलं पहिलं इंजिनीअरिंग कॉलेज रुरकीला निघालं ते १८४७ साली. म्हणजे कोलू पाटलांकडे डिग्री नव्हती, नकाशा नव्हता, जेसीबी तर नव्हताच. त्यांच्याकडे होतं जातीतून आलेलं कसब.

कोहळी समाजाबद्दल झाडीपट्टीत एक परंपरा सांगतात. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला. तिथे त्याने या लोकांचं तलाव बांधायचं आणि ऊस पिकवायचं कसब पाहिलं आणि त्यांना आपल्या मुलखात आणून वसवलं. कथा बाजूला ठेवली तरी काम समोर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुने तलाव आणि बोड्या इतक्या आहेत की आपण त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. कोलू पाटील याच लोकांतले. गावाचे पाटील, म्हणजे शेतसारा गोळा करून देणारे आणि गाव जगवायची जबाबदारी अंगावर असलेले.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न बघा. आपल्याकडे पाऊस कमी नाही. वर्षाला १२०० ते १३०० मिलिमीटर म्हणजे मराठवाड्यातल्या मित्राला हेवा वाटावा इतका. मग तलाव कशाला? ज्यांच्या घरी धान आहे त्यांना उत्तर माहीत आहे. आषाढ-श्रावणात बांध्या तुडुंब भरतात, रोवणी होते, सगळं हिरवंगार दिसतं. आणि भादव्यानंतर, नेमका धान निसवायच्या वेळी, पाऊस दडी मारतो. तेव्हा एक पाणी मिळालं तर कोठी भरते, नाही मिळालं तर हातात तणस राहते. म्हणजे इथली अडचण पावसाची नाही, वेळेची आहे. जास्तीचं पाणी चार महिने धरून ठेवायचं आणि शेवटी एकदा-दोनदा द्यायचं. कोलू पाटलांना एवढंच करायचं होतं, पण ते मोठ्या मापावर.

मोठ्या मापावर करायचं तर खर्च आला, आणि खर्च म्हणजे माणसांची मेहनत. धान कापून झाल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतचे मोजके महिने, बैल, फावडी, टोपल्या. हेच त्यांचं बजेट. ते कुठे लावायचं?

इथे या माणसाची खरी हुशारी दिसते. नवेगावच्या भोवती टेकड्यांचं कडं आहे. या कड्यातून पाणी जिथून निसटत होतं, ती वाट अडवली की बाकीचा बांध निसर्गाने आधीच बांधून ठेवलेला. सपाट जागी एवढं पाणी साठवायचं तर मैलोन्‌मैल पाळ घालावी लागली असती. इथे टेकड्यांमधल्या फटी बुजवल्या आणि मागे सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहिला. प्रत्येक टोपली मातीमागे जास्तीत जास्त पाणी. आज मोठमोठे सल्लागार ज्याला कॉस्ट-बेनिफिट म्हणतात, ते हेच.

मातीची पाळ बांधणं म्हणजे नुसता ढीग टाकणं नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, बैल आणि माणसं फिरवून तो तुडवायचा, मग पुढचा थर. पाण्याकडच्या बाजूला दगड लावायचा, नाहीतर लाटा माती खातात. शेताला पाणी सोडायला तुडूम हवं, आणि जास्तीचं पाणी पाळीवरून न जाता बाजूने निघून जावं म्हणून सांडवा हवा, आपल्याकडे ज्याला सलंग म्हणतात. सांडवा चुकला तर एका रात्रीच्या पावसात सगळी पाळ वाहून जाते. ३०० पावसाळे झाले, नवेगावची पाळ उभी आहे.

पण पैसा कुणाचा? गोंड राजांकडे पाटबंधारे खातं नव्हतं. त्यांनी दुसरी युक्ती काढली होती. जो तलाव बांधेल, त्याला तलावाखाली भिजणारी जमीन साऱ्याच्या माफीने किंवा सवलतीने द्यायची. चांद्याकडे अशा जमिनीला तुकूम म्हणत. तुकूम नावाची गावं तिकडे अजून आहेत. खजिन्यातून रोकड जात नव्हती, फक्त पुढचा काही सारा सोडून द्यायचा. आणि बांधणाऱ्याला काम उरकून निघून जायची सोय नव्हती. पाळ फुटली तर त्याचंच शेत कोरडं. गाळ साचला तर त्याचाच धान वाळणार. म्हणजे देखभालीची तरतूद करारातच होती.

आता सगळंच सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. या व्यवस्थेत पाण्यापाशी पाटलाची जमीन आधी आणि गरिबाची शेवटी असणं सहज शक्य होतं. ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांच्यातलं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. पाण्यातले मासे धरणारे ढीवर, पाळीखाली राबणारे मजूर, टोपल्या उचलणाऱ्या बाया, यांच्याशिवाय बांध झाला नसता. कोलू पाटील ग्रेट होतेच, पण एकटे नव्हते.

गावाने हे आपल्या पद्धतीने लक्षात ठेवलं आहे. बांधाभोवतीची सात शिखरं म्हणजे सात बहिणी. लोक सांगतात की त्यांनी आपल्या दैवी शक्तीने कोलू पाटलांना बांध घालायला मदत केली. आणि स्वतः कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. त्यातल्याच एका शिखरावर त्यांचं ठाणं आहे. विचार करा, आपल्याकडे लढाई जिंकणाऱ्यांचे पुतळे होतात. पाणी अडवणाऱ्याचा देव झाला, असं किती ठिकाणी बघितलंत?

माणूस गेला, पण त्यांच्या बांधाचं आयुष्य चालूच राहिलं, आणि ते जास्त शिकवणारं आहे. गोंडांनंतर नागपूरकर भोसले आले. १८५३ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य घेतलं, मग मध्य प्रांत झाला आणि गावच्या पाटलांना गावाची मालकी देऊन मालगुजार केलं. तलाव मालगुजारांचे झाले. त्यात जुलूमही होता. पण उन्हाळ्यात गाळ काढायला, पाळीची डागडुजी करायला गाव एकत्र येत होतं. स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० चा कायदा करून मालगुजारी संपवली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांचं आजचं नाव माजी मालगुजारी तलाव, शॉर्टमध्ये मामा तलाव. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून जास्त आहेत.

मालगुजारी गेली हे बरंच झालं. पण तिच्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. तलाव सगळ्यांचा झाला आणि गाळ कुणाचाच राहिला नाही. छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका सोसायटीकडे. फाटलेल्या पाळीला मात्र कुणी वाली नाही. कित्येक तलावांत बेशरमाची झुडपं माजली, पोटात अतिक्रमणं झाली, तुडूम गळायला लागले.

आणि त्याच काळात पैसा गेला कुठे? मोठ्या प्रकल्पांकडे. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झालं आणि त्याने हजारो शेतकऱ्यांना पाणी दिलं. मोठं धरण वाईट असतं असं कुणी सरसकट म्हणू नये. पण दुसरं उदाहरण वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं. १९८३ मध्ये अंदाजे खर्च ३७२ कोटी रुपये. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या पलीकडे. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या नातवंडांना आज कॉलेजात तुम्ही भेटत असाल.

देश गरीब असो की मध्यम, पाण्यासाठीचा पैसा कधीच पुरत नाही. त्यामुळे प्रश्न किती खर्च करायचा एवढाच नसतो, आधी कुठे करायचा हाही असतो. नवीन धरण की असलेल्याची दुरुस्ती? नवीन कामाला फीत कापता येते, पाटी लावता येते. गाळ काढला तर फीत बांधणार कुठे? जुन्या तलावासाठी जागा घ्यायची नाही, गाव उठवायचं नाही, पाळ तयार आहे, पाणी येतं ती वाट तयार आहे. २०१७ मध्ये राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. तलावातला गाळ शेतकऱ्याने शेतात न्यायचा, तलाव खोल होतो आणि जमीन सुधारते. कल्पना जुनीच आहे. फक्त एकदा काढून भागत नाही, दरवर्षी कुणीतरी लक्ष घालावं लागतं.

कोलू पाटील आज अर्थसंकल्पाच्या बैठकीला बसले असते तर काय बोलले असते, ते मला माहीत नाही, आणि त्यांच्या तोंडी काही घालणारही नाही. पण त्यांच्या बांधाकडे बघून तीन प्रश्न आपण नक्की विचारू शकतो. एका टोपलीमागे पाणी किती मिळणार? ते नेमक्या वेळी कुणाच्या बांधीत पोहोचणार? आणि उद्घाटनानंतर वीस वर्षांनी पाळ कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पहिल्या दोघांना अर्थ नाही.

हे प्रश्न मंत्रालयातच विचारायचे असतात असंही नाही. तुमचं वय १८ झालं असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. गावचा आराखडा तिथे वाचून दाखवतात, आणि बहुतेक वेळा ऐकायला आपल्यापैकी कुणीच नसतं. पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या गावच्या तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला, तुडूम कधी दुरुस्त झालं, एवढं विचारा. सिव्हिलला असाल तर सुट्टीत टेप घेऊन पाळ मोजा. बॉटनीला असाल तर पाण्यातली कोणती झाडं उरली आणि कोणती गेली याची यादी करा.

आणि नवेगावला गेलात की सेल्फी जरूर काढा. त्याआधी फक्त पाण्याकडे पाठ करून एकदा दुसऱ्या बाजूला, खालच्या धानाच्या बांध्यांकडे बघा. कोलू पाटलांनी पाळ घातली ती तिकडे बघून.