न्या. रानडे आणि गटाचा दबाव

माणूस चारचौघांसारखं का वागतो, हे शिकवताना आपण बहुधा परदेशी प्रयोग सांगतो. त्याऐवजी महादेव गोविंद रानडे यांचं चरित्र उघडून बघा.

रानडे १८४२ मध्ये निफाडला जन्मले. विद्वान, न्यायाधीश, विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली. आता हा मुलगा विधवेशी लग्न करणार, या धास्तीनं वडिलांनी घाईनं स्थळ ठरवलं. ३१ वर्षांच्या रानड्यांनी ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. विचार बदलला नव्हता. वडिलांना दुखवणं जमलं नाही. मन एकीकडे आणि वागणं दुसरीकडे, याला वरवरचं अनुसरण म्हणतात. (दुसऱ्या प्रकारात गटाचं म्हणणं मनापासून पटलेलं असतं, तसं इथे नव्हतं.) टीका खूप झाली, आणि मला विचाराल तर ती रास्तच होती. कारण किंमत एका लहान मुलीनं मोजली.

१८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आला. काहींनी प्यायला, काहींनी नुसता हातात घेतला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि शहर पेटलं! नुसत्या चहावरून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं: घरच्या कार्याला भटजी येईना, मुलीचं लग्न जमेना, पंगतीला कोणी बसेना. टिळकही त्या चहाला होते, त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांनी ते १८९२ मध्ये घेतलं. आपण पाप केलं असं त्यांना वाटत नव्हतं, पण सोबतचे स्नेही आणि त्यांची घरची माणसं पोळत होती. म्हणजे गटाला शरण जाण्यामागे दरवेळी भित्रेपणाच असतो असं नाही, कधी आपल्या माणसांची ओढही असते. सुधारकांना मात्र हे पटलं नाही.

वर्गात हे सांगाल तेव्हा रमाबाईंना विसरू नका. रानड्यांनी लग्नानंतर त्यांना लिहायला-वाचायला शिकवायला सुरुवात केली. पुढे इंग्रजीही शिकवलं. घरातल्या बायका टोमणे मारायच्या, अबोला धरायच्या. घरातला गट हाही गटच, आणि दिवसभर त्याच्यातच वावरायचं! रमाबाई ऐकून घ्यायच्या, उलट बोलायच्या नाहीत, आणि धडा मात्र चालू ठेवायच्या. रानडे १९०१ मध्ये गेले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याच्या अध्यक्ष रमाबाई होत्या.